त्रैमासिकाचे जुने अंक व्हिज्युअल बिल्डरमध्ये: कामाच्या नोंदी

एका मराठी त्रैमासिकाचे जुने अंक वेबसाइटवर आणायचे काम घेतले आहे. लेख फोनवर सुखाने वाचता यावेत, लेखकाच्या नावाने सापडावेत आणि पुढचे अंक संपादकांना स्वतःच चढवता यावेत, एवढीच मागणी. कोड लिहिणारे कोणी हाताशी नाही, म्हणून व्हिज्युअल बिल्डर, म्हणजे कोड न लिहिता पडद्यावरच पाने मांडायचे साधन. मला एचटीएमएल (पानाची रचना लिहायची भाषा) वाचता येते आणि सीएसएस (पान कसे दिसावे त्याचे नियम) थोडेफार कळते, त्यापलीकडे नाही. बिल्डरवरचे बहुतेक मार्गदर्शन रोमन लिपीतला मजकूर गृहीत धरते. देवनागरीत कुठे कुठे अडते ते कोणी सांगत नाही. असेच काम करायला बसणाऱ्यांचा वेळ वाचावा म्हणून लिहून ठेवत आहे.

३ फेब्रुवारी

साधन निवडले. व्हिज्युअल बिल्डर साधारण दोन जातींचे असतात. एका जातीत पानावर हवे तिथे हवे ते ठेवता येते, कात्रणवहीत चित्रे चिकटवावीत तसे. दुसऱ्या जातीत चौकटीत चौकट बसवत जावे लागते: सेक्शन, त्यात कंटेनर, त्यात मजकुराचा खण. पहिली जात हाताला सोपी वाटते. मुखपृष्ठ, मथळा, परिचय, सगळे बघता बघता जागेवर बसले. मग फोनच्या रुंदीत, ३६० पिक्सेलला, पान उघडले तर मथळा परिचयावर चढलेला. तिथे प्रत्येक वस्तूची जागा वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजून ठरते. मथळा एका ओळीचा तीन ओळींचा झाला तरी खालची वस्तू जागची हलत नाही. आमच्या लेखांचे मथळे कधी दोन शब्दांचे, कधी दोन ओळींचे. प्रत्येक लेखासाठी हाताने जागा ठरवणे शक्यच नाही.

म्हणून दुसऱ्या जातीचा, क्लासवर, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या दिसण्याच्या नियमांवर, चालणारा बिल्डर घेतला. सुरुवात संथ होते. आधी पानाची चौकट डोक्यात पक्की असावी लागते.

दुसरी अट मजकूर बाहेर काढता येण्याची. ॲडोबीचे म्यूज हे असेच कोड न लिहिता साइट बांधायचे साधन होते. २०१८ मध्ये ते थांबवत असल्याचे जाहीर झाले आणि २०२० मध्ये त्याचा तांत्रिक आधारही संपला. त्यात साइट बांधलेल्यांना दुसरीकडे पुन्हा बांधणी करावी लागली. आम्ही घेतलेल्या बिल्डरमधून एचटीएमएल आणि सीएसएस बाहेर काढता येते, पण फक्त वरच्या शुल्काच्या योजनेत, आणि त्यातही कलेक्शनमधल्या, म्हणजे बिल्डरच्या माहितीसाठ्यातल्या, नोंदी येत नाहीत. त्या वेगळ्या सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी तोडलेला साधा तक्ता) काढाव्या लागतात. तेव्हा सगळ्या लेखांची मूळ प्रत स्प्रेडशीटमध्ये राहील आणि बिल्डरमध्ये फक्त मांडणी, असे ठरवले. या निर्णयाचा पुढे फार उपयोग झाला.

५ फेब्रुवारी

नियतकालिकांसाठीचे एक तयार टेम्पलेट घेतले. नमुन्याच्या इंग्रजी मजकुरासकट ते खरोखर सुंदर दिसत होते. मी एका लेखाचा खरा मथळा टाकला: ‘पूर्वीच्या कैफियतींतून दिसणाऱ्या स्त्रिया’. दोन ओळी झाल्या आणि वरच्या ओळीतला दीर्घ उकार खालच्या ओळीतल्या मात्रेवर आदळला. टेम्पलेटमध्ये मथळ्याची लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या मापाच्या १.१ पट होती. रोमन अक्षरांना ती पुरते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, रकार. दोन्हीकडे जागा लागते.

मेन्यूतली नावे त्याहून वाईट दिसली. टेम्पलेटने तिथे अक्षरांमध्ये अंतर सोडले होते, म्हणजे लेटर-स्पेसिंग. इंग्रजी कॅपिटल अक्षरांना ते शोभते. ‘लेखकसूची’ हा शब्द मात्र तुकड्यांत तुटला, कारण शिरोरेषाच खंडित झाली.

मुख्य मथळ्याला दोन रंगांची छटा होती. अक्षरांमागे रंगीत पार्श्वभूमी ठेवून ती अक्षरांच्या आकारात कापायची, अशी ती युक्ती असते. ओळीची उंची कमी असल्यामुळे पार्श्वभूमी शिरोरेषेच्या जरा वरच संपत होती. त्यामुळे वेलांट्यांची आणि मात्रांची टोके दिसेनाशी झाली. ‘कैफियतीं’वरचा अनुस्वार पूर्ण गायब. छटा काढून टाकली.

मथळ्याला १.४, मजकुराला १.७ आणि लेटर-स्पेसिंग सगळीकडे शून्य असे ठरवले. पण टेम्पलेटमध्ये ही मापे एका जागी नव्हती. प्रत्येक क्लासमध्ये वेगळी लिहिलेली. एक दुरुस्त करावी तर दुसऱ्या पानावर तिसरीच निघे. संध्याकाळभर हेच केले आणि शेवटी टेम्पलेट टाकून देऊन कोऱ्या पानापासून सुरुवात केली. टेम्पलेटसाठी मोजलेले पैसे वाया गेले. तयार टेम्पलेट घ्यायचेच असेल तर खरेदीआधी त्याच्या प्रात्यक्षिक पानावर ब्राउझरच्या इन्स्पेक्टरने, म्हणजे पानाचा कोड दाखवणाऱ्या आणि तात्पुरता बदलू देणाऱ्या साधनाने, मराठी मथळा टाकून पाहावा. तेवढ्यात सगळे कळते.

६ फेब्रुवारी

आज पाने बांधली नाहीत. ‘नमुना’ नावाचे एकच पान केले आणि त्यात आमच्या अंकांत जे जे येते ते सगळे खऱ्या मजकुरासह मांडले: तीन पातळ्यांचे मथळे, परिच्छेद, उतारा, कविता, तळटीप, यादी, चित्राखालची ओळ, लेखकपरिचय. मापे क्लासना न देता मूळ टॅगना (परिच्छेद, मथळा अशा घटकांच्या खुणांना) दिली, म्हणजे सगळ्या परिच्छेदांचे माप एका जागी, सगळ्या मथळ्यांचे एका जागी. वेगळेपण हवे तिथेच क्लास.

कवितेने वेळ घेतला. एन्टर दाबले की बिल्डर नवा परिच्छेद करतो आणि दोन ओळींमध्ये परिच्छेदाएवढे अंतर पडते. कडव्यातल्या ओळींसाठी शिफ्ट धरून एन्टर दाबावे लागते. सीएसव्हीतून आणताना ओळ तोडणारा ‘बीआर’ टॅग लिहूनच द्यावा लागतो, नाहीतर अख्खे कडवे एका ओळीत येते.

तळटिपांचे आकडे वर चढवले की ती ओळ बाकीच्यांपेक्षा उंच होत होती. वर चढवलेल्या आकड्याची लाइन-हाइट शून्य केली, ओळी समान झाल्या. आकड्यावर टिचकी मारून थेट टिपेवर जाण्याची सोय मात्र करता आली नाही. कलेक्शनच्या मजकुरातल्या परिच्छेदाला या बिल्डरमध्ये आयडी (दुव्याने गाठता येईल असे नाव) देता येत नाही. टिपा लेखाखाली क्रमाने दिल्या आहेत.

९ फेब्रुवारी

फॉन्ट. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला, पण मला तो वाया गेला असे वाटत नाही. वाचकाला साइटमध्ये खरे तर अक्षरच दिसते.

मजकुराला ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ घेतला. मुक्त परवान्याचा आहे आणि बारीकपासून जाड सात वजनांत, म्हणजे रेषेच्या जाडीत, मिळतो. मथळ्यांना ‘टिरो देवनागरी मराठी’. तो लावताच मथळे फुगल्यासारखे दिसायला लागले, ‘ष्ट’ आणि ‘द्ध’ यांच्या पोटातली पोकळी बुजली. कारण शोधले. मथळ्याच्या टॅगला ब्राउझर मुळातच ठळक वजन देतो, आणि टिरोमध्ये ठळक वजन नाही. सरळ आणि तिरका एवढेच आहेत. मग ब्राउझर स्वतःच रेषा जाड करून खोटे ठळक तयार करतो. मथळ्याचे वजन ४०० केले, अक्षर स्वच्छ झाले.

उताऱ्यांत याच्या उलट झाले. मुक्तामध्ये तिरका प्रकार नाही, त्यामुळे ब्राउझरने सरळ अक्षरच ओढून तिरके केले होते. मराठी छपाईत उतारा वेगळा दाखवायला समास वाढवतात, अक्षर लहान करतात. तेच केले. शिवाय पूर्ण साइटला ‘फॉन्ट-सिंथेसिस: नन’ हा नियम लावला, म्हणजे ब्राउझर नसलेले वजन आणि नसलेला तिरकेपणा बनवणारच नाही.

त्यानंतर संपादक बाईंना दुवा पाठवला. त्यांनी फोनवरून लगेच कळवले, “अहो, तुम्ही म्हणालात ते अक्षर इथे नाहीये. हे तर माझ्या फोनचं नेहमीचंच दिसतंय.” माझ्या पडद्यावर तर मुक्ता स्पष्ट दिसत होता. मी कस्टम कोडमध्ये फॉन्टचे नाव लिहिले होते, पण फॉन्टची फाइल बिल्डरमध्ये चढवलेलीच नव्हती. माझ्या संगणकावर मुक्ता बसवलेला असल्याने ब्राउझर तो तिथूनच उचलत होता. कॅनव्हासवर (बिल्डरच्या मांडणीच्या पडद्यावर), प्रिव्ह्यूत, प्रकाशित पानावर, सगळीकडे मला योग्यच दिसणार आणि बाकी कोणालाच नाही. आता नियम केला आहे: ज्या संगणकावर काम करतो त्यावर साइटचे फॉन्ट बसवायचे नाहीत.

फाइल चढवताना वेबसाठी आवळलेल्या डब्ल्यूओएफएफ-२ प्रकारातली घेतली आणि फक्त ४०० आणि ७०० ही वजने ठेवली. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टात आकार पुष्कळ असतात आणि फाइल रोमन फॉन्टापेक्षा जड असते. सातही वजने चढवली तर त्याची किंमत वाचकाच्या डेटामधून जाते.

मजकुराचे माप १८ पिक्सेल. इंग्रजीसाठी रूढ असलेल्या १६ मध्ये वेलांटीखालची जोडाक्षरे दाटीवाटीची वाटतात.

१३ फेब्रुवारी

मजकूर आणणे. जुन्या अंकांच्या फाइली युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या डीटीपी (छपाईच्या मांडणीच्या) फॉन्टांतल्या आहेत. त्या कॉपी करून पेस्ट केल्या की रोमन अक्षरे आणि चिन्हे येतात. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणल्या. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार या दोन जागी कन्व्हर्टर हमखास चुकतो. जुन्या फॉन्टांत वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये त्यांचा क्रम उलटा. साध्या अक्षराला जमते, जोडाक्षराला नाही. चुकलेल्या जागी वेलांटीला चिकटून टिंबांचे वर्तुळ दिसते, त्यामुळे डोळ्यांनी तरी सापडते.

न दिसणारी चूक जास्त त्रासाची निघाली. शोधपेटीत ‘दुसऱ्या’ टाकले तर निम्मेच लेख सापडत होते. बाकीच्या लेखांतही तो शब्द डोळ्यांना अगदी तसाच दिसतो. पण ‘ऱ्या’ दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक, म्हणजे झीरो-विड्थ जॉइनर. वाचणाऱ्याला फरक नाही, संगणकाला ते दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चेही तसेच. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधीच्या आणि नंतरच्याही कित्येक मजकुरांत ते अ, जोडक आणि चंद्र असे तीन तुकड्यांचे असते.

हे बिल्डरमध्ये एकेका लेखात दुरुस्त करत बसणे अशक्य होते. मूळ प्रत स्प्रेडशीटमध्ये असल्यामुळे साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये सगळ्या लेखांवर एकदम शोधा-बदला चालवले, सगळीकडे पहिला प्रकार ठेवला आणि फाइल पुन्हा चढवली. शोध बरोबर चालू लागला.

सीएसव्ही साठवताना यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) हा पर्याय मुद्दाम निवडावा लागतो. साध्या पर्यायाने साठवलेल्या पहिल्या फाइलमध्ये सगळ्या देवनागरीची प्रश्नचिन्हे झाली होती. मूळ फाइल शाबूत होती म्हणून निभावले.

१७ फेब्रुवारी

तीन कलेक्शन केली: अंक, लेख, लेखक. लेख हा एका अंकाला आणि एका किंवा अनेक लेखकांना जोडलेला. ‘अनेक’ हे आधीच ठरवणे बरे. पहिल्यांदा एकच लेखक जोडता येईल असे फील्ड, म्हणजे नोंदीतला रकाना, केले होते. दोघांनी मिळून लिहिलेला लेख आला तेव्हा कळले की या बिल्डरमध्ये फील्डचा प्रकार मागाहून बदलता येत नाही. नवे फील्ड करून जोडण्या पुन्हा कराव्या लागल्या.

लेखकसूची अकारविल्हे लावली तर ‘ॲ’ने सुरू होणारी नावे सगळ्यांच्या शेवटी, ‘ह’च्याही मागे गेली. बिल्डर युनिकोडच्या क्रमांकानुसार लावतो आणि ‘ॲ’चा क्रमांक देवनागरी आकड्यांच्याही पुढचा आहे. ‘क्ष’ने सुरू होणारे नाव ‘क’च्या नावांच्या शेवटी पडले, आमच्या छापील सूचीत ते ‘ह’नंतर येते. उपाय एकच, वेगळे ‘क्रम’ फील्ड. स्प्रेडशीटमध्ये नावे हाताने लावून त्यांना आकडे दिले आणि त्या फील्डनुसार यादी लावली. मधे नवा लेखक घालता यावा म्हणून आकडे दहा-दहाच्या अंतराने.

अंकांच्या क्रमांकाचेही तेच. देवनागरी आकडे मजकूर म्हणून साठवले तर ‘१०’ हा ‘२’च्या आधी येतो. क्रमवारीसाठी संख्येचे फील्ड, दाखवण्यासाठी देवनागरी आकड्यांचे मजकूर फील्ड. दोन्ही भरावे लागतात.

२१ फेब्रुवारी

फोनवरची मांडणी. पान आडवे सरकत होते. कुठली तरी वस्तू पडद्याच्या बाहेर जात असावी, पण कॅनव्हासवर ती सापडेना. मग सगळ्यांत बाहेरच्या चौकटीला ‘ओव्हरफ्लो: हिडन’, म्हणजे बाहेर जाईल ते लपवा, असा नियम लावला. आडवे सरकणे थांबले आणि मी पुढच्या कामाला लागलो.

२३ फेब्रुवारी

मोठ्या पडद्यावर लेखाशेजारी अनुक्रमणिका ठेवली आहे. लेख वर सरकला तरी ती जागेवर चिकटून राहायला हवी. स्टिकी लावले, ती चिकटेना. वरचे अंतर तपासले, उंची तपासली, चौकट बदलून पाहिली. दुपार गेली. कारण परवाच्या उपायातच होते. बाहेरच्या कोणत्याही चौकटीला ओव्हरफ्लो हिडन असेल तर स्टिकी वस्तू त्या चौकटीला बांधली जाते, खिडकीला नाही.

हिडन काढले, आडवे सरकणे परत आले. आता मूळ कारण शोधणे भाग होते. इन्स्पेक्टरमधून प्रत्येक चौकटीला तात्पुरती लाल रेघ दिली आणि बाहेर जाणारी वस्तू पाहिली. दोन निघाल्या. तळटिपेत एक लांबलचक वेबपत्ता होता. त्यात तोडायला जागाच नसल्याने फोनवर तो परिच्छेदाला बाहेर ढकलत होता. आणि मोठ्या पडद्यावर वरच्या पट्टीची रुंदी १०० व्हीडब्ल्यू, म्हणजे खिडकीच्या पूर्ण रुंदीएवढी, दिलेली. हे माप स्क्रोलबारची जागाही धरते, त्यामुळे स्क्रोलबार दिसणाऱ्या संगणकावर पट्टी तेवढीच बाहेर जाते. तिथे १०० टक्के केले.

वेबपत्त्यासाठी आधी ‘वर्ड-ब्रेक: ब्रेक-ऑल’ लावले होते, पण त्याने मराठी शब्दही ओळीच्या टोकाला वाटेल तिथे तुटले. ‘ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर’ लावले. याने एरवी न मावणारा शब्दच तेवढा तुटतो.

संपादक बाईंना छापील अंकासारखा दोन्ही कडांना सारखा, जस्टिफाय केलेला मजकूर हवा होता. फोनच्या रुंदीत ओळीत चार-पाचच शब्द मावतात आणि आमच्या पानांवर मराठी शब्द संयोगचिन्हाने आपोआप तुटत नव्हते, मग शब्दांमध्ये मोठमोठी अंतरे पडतात. दोन्ही प्रकार त्यांच्या फोनवर शेजारी शेजारी दाखवले. त्यांनी स्वतःच डावीकडून सरळ असलेला निवडला.

२५ फेब्रुवारी

मुखपानाच्या मथळ्याला बिल्डरमधला अक्षरागणिक उमटण्याचा परिणाम देऊन पाहिला. तो मजकुराचे एकेक चिन्ह वेगळे करतो, म्हणजे ‘क’ वेगळा, वेलांटी वेगळी, हलन्त वेगळा. जोडाक्षरे फुटली आणि सुट्या मात्रांखाली टिंबांची वर्तुळे दिसली. शब्दागणिक उमटण्याचा पर्याय चालला. नंतर तोही काढला, वाचायला आलेल्या माणसाला मथळ्याची वाट पाहायला लावण्यात अर्थ नाही.

१ मार्च

पानाची भाषा. प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये ती इंग्रजी होती, ‘एमआर’ हा मराठीचा संकेत टाकला. एका ओळीची सेटिंग, पण तिच्यावर बरेच अवलंबून आहे. ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे दिलेले असतात, ते हा संकेत पाहूनच तसे आकार लावतात. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडरही यावरून आवाज निवडतो. संकेत इंग्रजीचा असेल तर दृष्टिहीन वाचकाला मराठी लेख इंग्रजी आवाजात ऐकू येण्याचा किंवा ऐकूच न येण्याचा धोका असतो. आमच्या वाचकांत असे लोक आहेत, म्हणून हे काम मी शेवटच्या यादीत ढकलायला नको होते.

लेखकपरिचयाचा राखाडी रंग तपासला. पांढऱ्यावर त्याचे कॉन्ट्रास्टचे, म्हणजे उजेडातल्या फरकाचे, गुणोत्तर २.८५ : १ आले. डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या निकषांचा एए स्तर साध्या मजकुराला किमान ४.५ : १ मागतो. रंग गडद केला. मथळ्यांच्या पातळ्याही तपासल्या. काही ठिकाणी अक्षर लहान हवे म्हणून थेट चौथ्या पातळीचा टॅग घेतला होता. पातळी अर्थाने निवडली आणि आकार क्लासने दिला.

६ मार्च

वेग. फोनवर मुखपान उघडायला फार वेळ लागत होता. मुखपृष्ठाचे चित्र मी सेक्शनची पार्श्वभूमी म्हणून लावले होते. चित्र म्हणून ठेवले तर हा बिल्डर त्याच्या लहानमोठ्या प्रती करतो आणि फोनला लहान प्रत देतो. पार्श्वभूमीच्या चित्राला ती सोय नाही, प्रत्येक फोन पूर्ण स्कॅन उतरवून घेत होता. चित्राचा स्वतंत्र घटक केला, फाइल वेबपी या हलक्या प्रकारात बदलली. एवढ्यानेच सर्वांत मोठा फरक पडला.

बिल्डर सगळ्या चित्रांना लेझी लोड, म्हणजे वाचक जवळ पोचल्यावरच चित्र उतरवण्याचा नियम, लावतो. पानावरच्या पहिल्या चित्रासाठी ते बंद केले, कारण जे उघडताच दिसायला हवे त्याला मुद्दाम थांबवून उपयोग नाही. एलसीपी, म्हणजे पानाचा मुख्य भाग दिसेपर्यंतचा वेळ, २.५ सेकंदांच्या आत असावा असा गूगलचा निकष आहे. आता तो त्याच्या आत येतो. मुक्ता उतरेपर्यंत फोनचा फॉन्ट दिसतो आणि मग ओळी थोड्या हलतात. मुक्ताची ४०० वजनाची फाइल आधी मागवून हे कमी केले, पूर्ण गेले नाही.

१० मार्च

पानांचे पत्ते. बिल्डर मथळ्यावरून पत्ता तयार करतो. देवनागरी पत्ता ब्राउझरच्या पट्टीत छान दिसतो, पण कॉपी करून पाठवला की उलगडतो. देवनागरीचे एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे, आणि प्रत्येक बाइटचे टक्केचिन्हासह तीन रोमन चिन्हांत रूपांतर होते. म्हणजे एका चिन्हाची नऊ. ‘दिवाळी’ या सहा चिन्हांच्या शब्दाचा पत्ता चोपन्न चिन्हांचा होतो. लोक लेख एकमेकांना दुव्यानेच पाठवणार. तेव्हा पत्ते रोमन अक्षरांत, आखूड, अंकाचे वर्ष आणि लेखाचा एखादा शब्द असे स्प्रेडशीटमध्येच लिहून चढवले.

त्रैमासिकाच्या आधीच्या साइटवरचे पत्ते नव्या पत्त्यांकडे वळवण्याची यादी केली. जुन्या लेखांच्या पत्त्यांत प्रश्नचिन्हापुढे क्रमांक आहे आणि या बिल्डरची यादी प्रश्नचिन्हापुढचा भाग धरतच नाही. सगळे जुने दुवे एकाच पानावर येत होते. त्या पानावर क्रमांक वाचून योग्य लेखाकडे नेणारी छोटी स्क्रिप्ट ठेवली. ती सर्व्हरवरच्या ३०१ (पत्ता कायमचा बदलल्याचा संकेत) इतकी भरवशाची नाही, पण वाचक योग्य लेखावर पोचतो.

१४ मार्च

डोमेन, म्हणजे साइटचे नाव, नव्या साइटकडे वळवले. बिल्डरच्या मार्गदर्शिकेत नेमसर्व्हरच (डोमेनच्या सगळ्या नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदला असे होते. तसे केले असते तर त्याच डोमेनवर चालणारी संपादकीय मेल बंद पडली असती, कारण मेल कुठे पोचवायची ते सांगणाऱ्या एमएक्स नोंदी जुन्या जागीच आहेत. नेमसर्व्हर तसेच ठेवून फक्त साइट कुठे आहे ते सांगणाऱ्या दोन नोंदी, मूळ डोमेनची ए नोंद आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूची सीनेम नोंद, बदलल्या. आदल्या दिवशी टीटीएल (जुनी नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ते माप) ३०० सेकंदांवर आणला होता, त्यामुळे बदल लवकर पसरला. मेल क्षणभरही थांबली नाही. बदलण्याआधी डोमेनच्या या सगळ्या नोंदींचे पडद्यावरचे चित्र काढून ठेवले होते, ते अजून जपून आहे.

२० मार्च

नवा अंक संपादक बाईंनी स्वतः चढवला. त्यांना डिझाइनचे पॅनेल न दिसणारी, फक्त मजकूर बदलण्याची परवानगी दिली आहे. पहिल्या लेखातले काही परिच्छेद वेगळ्या अक्षरात आले. वर्ड प्रोसेसरमधून पेस्ट करताना तिथले फॉन्ट आणि मापे प्रत्येक परिच्छेदाला चिकटून आली होती. कंट्रोल आणि शिफ्टसह व्ही दाबून पेस्ट केले की फक्त मजकूर येतो, पण ठळक शब्द आणि कवितेच्या ओळी पुन्हा लावाव्या लागतात. तो वेळ धरूनच अंकाचे वेळापत्रक करायचे ठरले.

शोधाचे एक काम उरले आहे. बिल्डरचा शोध शब्द आहे तसाच जुळवतो. ‘शेतकरी’ टाकले तर ज्या लेखात फक्त ‘शेतकऱ्यांना’ आहे तो सापडत नाही. प्रत्येक लेखाला ‘शोधशब्द’ असे फील्ड जोडले आहे, त्यात शब्दांची मूळ रूपे लिहायची. ताज्या दोन वर्षांच्या अंकांचे झाले आहे. बाकीचे स्प्रेडशीटमध्ये भरणे चालू आहे.